खळ्यावरचं गवत

नारळी पौर्णिमा होऊन महिना झाला होता. होड्या समुद्रात गेल्या होत्या आणि खळ्यावर गवत कमरेला आलं होतं. पुतळाबाईने डाव्या हातात एक जुडी धरली, उजव्या हातातला विळा बुडाशी लावला आणि ओढला. विळा गवतात शिरला, पण हातातून सुटला. तिने तो उचलला, पदराला पुसला, पुन्हा लावला. तिसऱ्या ओढीला पुन्हा सुटला. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं दोन वर्षं सुन्न होती. बोरिवलीच्या डॉक्टरांनी मनगटातली दबलेली शीर मोकळी केली होती. कळ थांबली, पकड परत आली नाही.

शेजारच्या पट्ट्यात सुगंधा उकिडवी बसली होती. ती न बघताच म्हणाली, "काय गो, गवत कापतंस का विला फेकतंस?"

"तुझ्या अंगावर फेकाचा व्हता. नेम चुकला."

"मंग नीट बसून फेक."

बसायचं म्हणजे गुडघे. सुगंधाचे गुडघे दर दोन हातांवर वाजत. पलीकडे शकु एक पाय लांब करून बसली होती. तो पाय आता दुमडतच नव्हता. तीन तासांत तिघींनी मिळून एका खाटेएवढी जागा साफ केली होती.

खळं किनाऱ्याच्या मागे होतं. बावीस पट्टे, प्रत्येक तेरा फूट रुंद आणि साठ पावलं लांब, दोन्ही टोकांना एकेक लाकडी खुंट. त्यावर जवळा वाळायचा. गवत दोन बोटं उंचीवर सारखं कापायचं, त्यावर बारीक विणीचं जाळं अंथरायचं आणि जाळ्यावर जवळा पसरायचा. खालून वारा खेळतो, रेती लागत नाही. भाईंदरचे व्यापारी चिमूटभर जवळा दाताखाली चावून बघत आणि कचकच लागली नाही की पुतळाबाईच्या वाडीचं नाव घेत.

कुठेही न लिहिलेला एक रिवाज होता: जिने आपल्या हाताने गवत कापलं, तिचा त्या वर्षीचा पट्टा. तो नवऱ्याचा नव्हता, होडीवाल्याचाही नव्हता. घटस्थापनेच्या सकाळी मच्छीमार सोसायटीची कमिटी खळ्यावरून फिरायची आणि कापलेल्या पट्ट्यांच्या खुंटांना चुना लावायची. न कापलेला पट्टा सोसायटीकडे जायचा. गेल्या वर्षी चार बायकांना बसणं जमलं नाही. त्यांच्या पट्ट्यांवर आता रविवारी रिसॉर्टला येणाऱ्यांच्या मोटारी उभ्या राहत.

अकराच्या सुमारास सोसायटीचा चेअरमन जयवंत आला. मोटरसायकल खुंटाला लावून त्याने गवतावर नजर फिरवली.

"पुतळाकाकी, कशाला हाल करून घेता? शनिवारी माणूस बोलावतो. तो ट्रॅक्टरला स्लॅशर लावून येईल. एका दिवसात अख्खं खळं साफ."

"कनाच्या नावानं?"

"सोसायटीच्या. आणखी कुणाच्या?"

"म्हंजे पट्टे सोसायटीचे."

जयवंत हसला. "वाळवायला तुम्हाला कोण नको म्हणतंय? वाळवा की. फक्त शनिवार-रविवार जागा मोकळी द्या. लग्नाला लॉन म्हणून चार लोक विचारतायत."

"जवला शनवार-रव्वार बगून येत नाय."

"हात चालत नाय, काकी." त्याने आवाज खाली आणला, पण सगळ्या बायकांना ऐकू जाईल इतकाच. "मग हट्ट कशाला?"

पुतळाबाईने उजवा हात पदराखाली घेतला. लगेच तिलाच त्याचा राग आला. तिने हात पुन्हा बाहेर काढला, विळा उचलला आणि त्याच्या पुढ्यातच एक ओढ मारली. विळा या वेळीही सुटला. तो जयवंतच्या बुटापासून वीतभर अंतरावर पडला. कुणी हसलं नाही.

घरी तिने हे सांगितलं नाही. सुगंधाने येऊन सांगितलं. पुतळाबाईचा नवरा बळवंत ओट्यावर जाळं विणत होता. मुलगा प्रज्योत ट्रॅक्टरच्या चाकांवर गोडं पाणी मारत होता. होडी विकल्यावर घरात आलेला हा ट्रॅक्टर भरतीच्या वेळी लोकांच्या होड्या किनाऱ्यावर ओढायचा, आणि रोज धुतला नाही तर खाऱ्या पाण्याने त्याची वाट लागायची.

सून रुचिका भाकऱ्या थापत होती. ती ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातली, बी.एस्सी. झालेली, बोरिवलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायची. तिने तवा उतरवला.

"आई, ट्रॅक्टर आहे ना आपल्याकडे."

"ट्रॅक्टर होडी ओढतो," बळवंत म्हणाला. "गवत नाय खात."

"मागे यंत्र लावलं की खातो, बाबा. जयवंतकाका आणणार तसलं राकट नाही. आमच्या कॉलेजचं मैदान कापतात तसलं. मोअर. बारीक कापतं."

"मैदानावर पोरं खेळतात. तिथं जवला वालवत नाय."

"तेच बगाला पायजे," पुतळाबाई म्हणाली. "कापतं, ते कसं कापतं."

साकीनाक्याला गल्लीत शिरल्यावर चौथं वर्कशॉप नितेशचं होतं. क्लबांची आणि शाळांच्या मैदानांची यंत्रं तो दुरुस्त करायचा आणि जुनी विकायचा. प्रज्योत आणि रुचिकाबरोबर आलेल्या पुतळाबाईने नऊवारीचा काष्टा घट्ट घातला होता, खांद्याला कापडी पिशवी होती. नितेशने दोघी बायकांसाठी स्टूल ओढले आणि पाणी मागवलं.

"बसा, मावशी. आम्ही बोलतो." मग तो प्रज्योतकडे वळला. "दादा, तुम्हाला स्लॅशर लागेल. हे बघा. गवत, झुडूप, बोटाएवढी फांदी, काय पण टाका."

पुतळाबाई बसली नाही. ती स्लॅशरपाशी उकिडवी झाली आणि त्याच्या खाली वाकून बघू लागली. दोन जाड पाती सैल लोंबत होती. तिने डाव्या हाताचा अंगठा पात्याच्या धारेवर फिरवला.

"याला धारच नाय."

"धार लागत नाही, मावशी. हे जोरात फिरून झोडपतं."

"झोडपलेला दिसल ना मना?"

"म्हणजे?"

"चालवून दाखव."

नितेशने प्रज्योतकडे पाहिलं. प्रज्योत म्हणाला, "मला नको बघू. यंत्र तिला पायजे."

वर्कशॉपमागे नाल्याच्या कडेला गुडघाभर गवत होतं. नितेशच्या माणसाने स्लॅशर लावलेला ट्रॅक्टर एकदा पुढे नेला. धूळ आणि हिरवा चुरा उडाला. यंत्र थांबल्यावर पुतळाबाईने चपला काढल्या आणि कापलेल्या पट्टीवर चालू लागली. सहाव्या पावलाला ती थांबली, पाय उचलून बघितला. टाचेत फाटलेल्या गवताची काडी घुसली होती. ती तिने उपटून टाकली. मग पिशवीतून जवळ्याच्या जाळ्याचा हातभर तुकडा काढला, जमिनीवर टाकला आणि एका टोकाने ओढला. जाळं तीन ठिकाणी अडकलं, एका ठिकाणी टरकलं.

"हा नको."

नितेशने टरकलेलं जाळं उचलून बघितलं. मग म्हणाला, "थांबा. दुसरं दाखवतो."

दुसरं यंत्र चपटं होतं. चार कोपऱ्यांना चार लहान चाकं, खाली एका ओळीत तीन पाती. रुचिका खाली वाकली. "ही पाती पक्की बसवलेली आहेत. टोकाला वेग किती?"

"मॅडम, ते काय माहीत नाय. स्लॅशरपेक्षा जास्त. रबरी पट्ट्यावर चालतात."

रुचिका सासूकडे वळली. "आई, पातं हळू असलं की गवत आधी वाकतं, मग फाटतं. वेगात आलं की वाकायच्या आत कापलं जातं. आणि ही चार चाकं जमिनीवरून चालतात, म्हणून उंची सारखी राहते. जमिनीला चढउतार असला तरी."

"चालव," पुतळाबाई नितेशला म्हणाली.

या वेळी धूळ कमी उडाली. ती पुन्हा अनवाणी गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि टाचा दाबत परत आली. जाळ्याचा तुकडा टाकून ओढला. तो सरकत आला. तिने उलट्या दिशेने ओढला. तसाही आला. मग तिने गुडघ्यावर बसून तळहात गवतावर फिरवला. डावा. नंतर उजवा, त्याला काही कळत नव्हतं तरी.

"ह्यो."

"झकास!" नितेश म्हणाला. "यात पाच फुटी आहे, तो घ्या. हलका. तुमच्या ट्रॅक्टरला त्रास नाही."

"आमच्या ट्रॅक्टरची मागची चाकं बाहेरून बाहेर साडेपाच फूट आहेत," रुचिका म्हणाली. "पाच फुटी घेतला तर दोन्ही बाजूंनी चाकाखाली दबलेलं गवत तसंच राहणार."

नितेशने पाच फुटीवरचा हात काढला.

पुतळाबाईने कमरेची दोरी सोडली. दोरीला दोन गाठी होत्या. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे तिचा पट्टा. ती तिने जमिनीवर ताणली. "तेरा फूट. यावर दोन फेऱ्यांत भागायला पायजे. तिसरी फेरी घेतली त दुसरीच्या पट्ट्यात जाईल, आन् भांडणं लागतील."

"सात फुटी," रुचिका म्हणाली. "दोन फेऱ्या, मध्ये एक फूट एकावर एक."

सात फुटी कोपऱ्यात ताडपत्रीखाली होता. एका क्लबाने नवा घेतला म्हणून काढलेला. नितेशने त्याचे रबरी पट्टे बदलून द्यायचं कबूल केलं. मग त्याने आपणहून एक लोखंडी जोड काढून ठेवला. "हा पण न्या. तुमचा ट्रॅक्टर जुना. पाती वेगात असली की क्लच दाबला तरी ती फिरत राहतात आणि ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. नवशिक्या माणूस घाबरतो. हा जोड मध्ये लावला की ढकलत नाही." टेम्पोत यंत्र चढवण्याआधी तो थांबला. "एक सांगतो, नंतर शिव्या देऊ नका. तुमच्याकडे गवत केवढं आहे?"

पुतळाबाईने कमरेला हात लावला.

"मग हा नाही चालणार, मावशी. गुदमरेल. पोटरीच्या खाली असेल तरच. तुम्हाला स्लॅशरच लागेल."

प्रज्योतने कपाळ पुसलं. रुचिकाला हे सुचलंच नव्हतं. मैदानावरचं गवत तिने कधी वाढलेलं बघितलं नव्हतं.

पुतळाबाई मोअरच्या लोखंडावर हात ठेवून विचार करत होती. उभ्याने कापायचं म्हणजे चार दिवस. खरं मरण पुढे असायचं: बसून, सरकत, दोन बोटांवर आणायचं. गुडघे त्यातच जायचे.

"उभ्यानं आमी कापू," ती म्हणाली. "बसून यानं कापाचं. टेम्पोत चरव."

उभ्याने कापायला चार नाही, सहा दिवस लागले. विळे बांबूला बांधले. पुतळाबाईने आपला बांबू जुन्या लुगड्याच्या पट्टीने मनगटाला करकचून बांधून घेतला. सुटायला मुठीत काही नव्हतंच. संध्याकाळी पट्टी सोडली की हात निळसर दिसायचा. मधे दोन दिवस हस्ताचा पाऊस लागला. भिजलेलं गवत जड झालं, जळवा निघाल्या. शकुने पोटरीवरची जळू तंबाखू लावून काढली आणि म्हणाली, "हिला पन पट्टा पायजे वाटतं." कापलेलं गवत बायकांनी बांधावर रचलं, पलीकडच्या तबेल्याचे भय्ये ते उचलून नेत. त्यांनी विळे आणले होते. सुगंधाने त्यांना बांधाच्या आत पाय टाकू दिला नाही. दुसऱ्याचा हात लागता कामा नये.

सातव्या दिवशी ऊन पडलं. प्रज्योतने मोअर जोडला, रुचिकाने चारही चाकांची उंची पट्टीने मोजून एक केली, आणि अठरा बायका बघत असताना तो आईच्या पट्ट्यावर ट्रॅक्टर घेऊन गेला. मागे सात फूट रुंद, सारखी, फिकट हिरवी वाट उमटत गेली. सुगंधाने तोंडावर हात ठेवला.

"चला, प्रज्योतशेठ!" बांधावरून आवाज आला. जयवंत उभा होता, बरोबर कमिटीचे दोघं. "झकास काम. किती पट्टे करणार?"

"सगळे," प्रज्योतने इंजिनाच्या आवाजात ओरडून सांगितलं.

"वा! म्हणजे अठराच्या अठरा पट्टे तुझ्या हातचे. जिच्या हातानं कापलं तिचा पट्टा, असंच ना काकी? मग घटस्थापनेला खुंट एकाच घराच्या नावाने धरू. आणि प्रज्योत काय बाई नाय, म्हणजे तेही धरता यायचं नाय. मग राहिली सोसायटी."

प्रज्योतने इंजिन बंद केलं. शांतता झाली तेव्हा शकु पुतळाबाईकडे बघत होती, आणि तिची नजर चांगली नव्हती.

"पुतले, असं हाय काय?" शकु म्हणाली. "आमच्याकरना उभ्याचं कापून घेतलंस, आन् आता पोराच्या नावावर?"

"शकु, तोंड आवर."

"काय आवरू? माझा पाय गेलाय, डोकं नाय गेलं."

पुतळाबाईचे कान तापले. जयवंतचं बोलणं तिला लागलं नव्हतं, हे लागलं. तिने पदर खोचला आणि ट्रॅक्टरपाशी गेली.

"प्रज्योत, उतर."

"आये, काय करतंस?"

"उतर बोलले ना."

तो उतरला. तिने डाव्या हाताने मागची कमान धरली, पाय टाकला आणि सीटवर बसली. बांधावर कमिटीतला एकजण फिसकन हसला. बांधाच्या टोकाला जाळं विणत बसलेला बळवंत ते टाकून धावत आला. "अगो, उतर! सायकल नाय आली तुना कदी!"

"होडी यायची ना मना? तुमी आजारी व्हतात तवा कोन न्यायचं?" मग ती जयवंतकडे न बघता म्हणाली, "घटस्थापना कवा? चार दिस हायत. जिचा पट्टा तिनं चालवाचा. शकु, तू दुसरी."

"मी?" शकु म्हणाली. "माझा पाय दुमडत नाय!"

"दुमडाचा नाय. दाबाचा हाय."

तीन दिवस ओहोटीच्या वेळी बायका किनाऱ्यावर शिकल्या, मागे मोअर न लावता. रुचिकाने कॉलेजातून सुट्टी काढली. तिने वेग वाढवायच्या दांड्याशेजारी लाल रंगाची रेघ मारली: इथपर्यंत ओढायचं, मोअरला फिरवणारा मागचा दांडा नेमका हव्या त्या वेगाने फिरतो; पुढे नाही, मागे नाही. प्रज्योत बाजूने चालत ओरडायचा. पुतळाबाईला पकडीची गरजच लागली नाही. डावा तळवा स्टिअरिंगवर चपटा ठेवून ती वळवायची, उजवा नुसता वर टेकलेला. पाय मात्र चांगले होते. चाळीस वर्षं चिखलातून आणि वाळूतून टोपली घेऊन चाललेले. क्लच तिने पहिल्याच दिवशी ओळखला. सुगंधाने ट्रॅक्टर दोनदा पाण्यात नेला आणि दोन्ही वेळा प्रज्योतलाच शिव्या दिल्या. किनाऱ्यावर माणसं जमायची. कुणी मोबाइल धरायचं. एकाने विचारलं, "मावशी, ओला-उबरला लावता का?" शकु सीटवरून म्हणाली, "लावते की. आदी तुज्या बापाला सोडते स्टेशनवर." तिचा न दुमडणारा पाय सरळ ब्रेकवर होता, आणि तिथे तो बरोबर बसत होता.

चौथ्या दिवशी, घटस्थापनेच्या आदल्या सकाळी, मोअर पुन्हा जोडला. पुतळाबाईने पहिली अर्धी वाट प्रज्योतची होती म्हणून तीही पुन्हा कापली. खुंटापासून खुंटापर्यंत, दोन फेऱ्या, मध्ये एक फूट एकावर एक. तिची रेघ एका ठिकाणी वाकडी गेली. ती मागे गेली नाही. वाकडी राहू दिली. मग शकु, मग सुगंधा, मग बाकीच्या. एकेक उतरायची, दुसरी चढायची. उतरलेली ट्रॅक्टरच्या पुढे चालत दगड, काच, बाटल्यांची झाकणं वेचायची. दुपारी पाती गरम झाली म्हणून तासभर थांबले. दिवस मावळायला अठरावा पट्टा झाला.

घटस्थापनेच्या सकाळी जयवंत कमिटीला घेऊन आला. चुन्याची बादली होती, बादलीत काथ्याचा कुंचला होता. तो पट्ट्यांमधून सावकाश फिरला. एका ठिकाणी वाकला, गवतावर हात फिरवला, पुढे गेला. प्रत्येक खुंटाशी एकेक बाई उभी होती. किनाऱ्यावर तीन होड्या लागल्या होत्या. टोपल्यांमधून जवळ्याचं गुलाबी पाणी गळत होतं.

पुतळाबाईच्या पट्ट्याच्या मधोमध येऊन जयवंत थांबला.

"कापलंय. नाय म्हणत नाही. ज्याने-त्याने, म्हणजे जिने-तिने कापलंय, तेही गावानं बघितलंय." त्याने कुंचला बादलीत परत ठेवला. "पण हातानं म्हणजे विळ्यानं, असा जुना अर्थ. यंत्र आलं म्हणजे रिवाज बदलला. त्याला ठराव लागेल. दिवाळीनंतर मिटिंग घेऊ. तोवर चुना नाय."

शकुने पुतळाबाईकडे पाहिलं. वाऱ्यावर ताज्या जवळ्याचा वास आला.

पुतळाबाई खाली वाकली. जाळ्याची गुंडाळी तिने पट्ट्याच्या टोकाशी ठेवली आणि पायाने ढकलत, डाव्या हाताने झटकत उलगडायला लागली. रुचिका दुसऱ्या कडेने आली. जाळं सरकत सरकत जयवंतच्या पायांपर्यंत आलं आणि थांबलं.

"काकी, मी काय सांगितलं?"

"आयकलं."

"चुना लागल्याबिगर—"

"चुना तुज्याकडं ठेव." तिने सुगंधाला हाक मारली. "टोपली आन गो." सुगंधा आली. तिच्या मागून दुसरी, तिसरी. पुतळाबाईने टोपलीला गुडघा लावला, दोन्ही हातांच्या कोपरांनी ती कलती केली आणि पहिला जवळा जाळ्यावर ओतला. मग ओंजळी भरभरून तो पातळ पसरत, उकिडवी न बसता, कमरेत वाकून, ती जयवंतच्या दिशेने सरकू लागली. बाजूच्या पट्ट्यावर शकुचं जाळं उलगडलं होतं. त्याच्या पलीकडचंही.

"मिटिंग घे," ती मान वर न करता म्हणाली. "दिवालीनंतर घे, होलीनंतर घे. ठराव लिव. जवला दोन दिसांत सुकतो. त्याला थांबता येत नाय." ती त्याच्या बुटांशी आली. "पाय उचल, जयवंता."

तो बादली धरून उभा राहिला. कमिटीतले दोघं केव्हाच बांधावर जाऊन उभे राहिले होते.

"उचल."

त्याने एक पाय उचलला. तिने जाळं त्याच्याखाली सारलं. आता तो पाय कुठे ठेवायचा ते त्याला कळेना. पुढे जवळा होता. तो तसाच एका पायावर, बादली सांभाळत, मागे वळला आणि उड्या मारत बांधावर गेला. थोडा चुना सांडला. पुतळाबाईने सांडलेला चुना मातीसकट चिमटीत उचलून बाहेर टाकला, कारण जवळ्यात चुना चालत नाही, आणि दुसरी टोपली मागवली.